लॅपटॉपची बाई आणि कोयत्याची बाई

दिवाळी संपली की आमच्या बीड जिल्ह्यातली गावं एकेक करून रिती व्हायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, बालाघाटाच्या डोंगराकडेचं कुठलंही गाव घ्या. रात्री वेशीत ट्रक उभा असतो. त्यात पाण्याचं टिपाड, पत्र्याची पेटी, पिठाचे डबे, गोधड्या, खोपीचं सामान, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर झोपेला आलेली लेकरं. खाली म्हाताऱ्या उभ्या असतात. त्या मागे राहणार असतात, कुणी शाळेतल्या नातवंडांसाठी, कुणी नुसतीच घर राखायला.

गेल्या हंगामात अशाच एका ट्रकाजवळ मी नोंदवही घेऊन उभी होते. कुठल्या घरातून कोण जातंय, किती बायका, कुणाला कितवा महिना, कुणाची लस राहिलीय, एवढं टिपून घ्यायचं होतं. तेवढ्यात माझ्या एका मैत्रिणीनं मोबाइलवर फोटो पाठवला. आम्ही दोघी समाजकार्याच्या एम. ए. ला एका वर्गात होतो. ती पुढे परदेशी संस्थांसाठी अहवाल लिहिण्याच्या कामात गेली, मी इथं राहिले. फोटोत एक छोटी गॅलरी, टेबलावर लॅपटॉप, कॉफीचा कप, आणि मागे दोन इमारतींच्या फटीतून दिसणारा निळा समुद्र. खाली लिहिलं होतं, "यंदाचे चार महिने बार्सिलोनाहून काम. येतेस का?"

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला राग आला. मग राग कशाचा, हे मलाच सांगता येईना. ट्रकमधली बाईसुद्धा चार-पाच महिने परमुलखातूनच काम करणार होती. दोघीही काम बरोबर घेऊन घर सोडत होत्या. एकीच्या जाण्याला जग मौज म्हणतं, दुसरीच्या जाण्याला स्थलांतर. हा फरक नेमका कुठं पडतो, ते नीट मांडून पाहावं, म्हणून हा लेख.

मैत्रिणीवर टीका करावी असं मला वाटत नाही. बाईनं एकटीनं प्रवास करावा, स्वतःच्या कमाईवर खोली घ्यावी, आतून कडी लावून निवांत झोपावं, हे आपणच मागत आलो. शिबिरांतून आपण बायकांना विचारायचो, "तुम्ही एकट्या, कुणाला न विचारता, शेवटच्या कुठं गेला होतात?" निम्म्या जणी हसायच्या, निम्म्या गप्प बसायच्या. मैत्रीण गेली याचा मला आनंदच आहे. तिच्या जाण्यात जे आहे ते ट्रकमधल्या बाईच्या जाण्यात का नाही, एवढंच मला विचारायचं आहे.

मी तिला फोन केला आणि म्हटलं, "अगं, तिथं राहायला तुला कागद कोणकोणते लागले, ते सांग." ती हसली, पण तिनं यादी सांगितली. स्पेननं २०२२ च्या अखेरीस कायदा करून दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वेगळा परवाना आणला. तो मिळवायचा तर मालकाबरोबरचा लेखी करार लागतो, निदान तीन महिने आधीपासूनचा. दूर राहून काम करायला मालकाची हरकत नाही असं पत्र लागतं. उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट असल्याचा पुरावा लागतो. आरोग्याचा विमा लागतो. नवरा किंवा मुलं बरोबर न्यायची तर माणशी वाढीव उत्पन्न दाखवावं लागतं.

मी ती यादी नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली. समोर कोयत्याच्या बाईचा हिशोब लिहीत गेले.

लेखी करार? तिच्या नावावर काहीच नाही. आपल्याकडे मजूर मोजायचं माप म्हणजे 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी जोडीला उचल देतो. ती नवऱ्याच्या हातात पडते, अंगठा किंवा सही नवऱ्याची. पैसा पावसाळ्यातच किराणा, दवाखाना, मुलीचं लग्न, जुनं देणं यांत संपलेला असतो. मग दोघं मिळून ती उचल फेडतात. तोडणं, पाचट काढणं, मोळी बांधणं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं, यांतलं बाईचं काम कुठल्याच वहीत वेगळं लिहिलेलं नसतं. तिची मजुरी किती, हे तिला माहीत नसतं. तिचा दोष नाही, तो आकडा कुणी काढलेलाच नाही. हंगाम संपूनही उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि नवरा दगावला तर बाकी मात्र नेमकी तिच्या नावावर येते.

सुट्टी? मैत्रिणीला शनिवार-रविवार मोकळा असतो. इथं एक दिवस कामावर गेलं नाही तर 'खाडा' धरतात. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. पाळी आली, ताप आला, लेकरू आजारी पडलं, खाडा तो खाडाच. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, अंधारात फड गाठायचा, दिवसभर वाकून तोडायचं, आणि रात्री गाडी आली की भरायला पुन्हा उठायचं.

खोली? पाचटाची नाहीतर प्लॅस्टिकच्या कागदाची खोपी. वाकून आत जायचं, दाराला दार नाही. न्हाणी नाही, संडास नाही. पाणी कुणाच्या तरी विहिरीवरून, मालकाच्या मर्जीनं. पाळीच्या दिवसांत बारा-चौदा तास फडात, कपडा बदलायला आडोसा उसाचाच. गरोदर बाया सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलतात. बाळंतपण फडाच्या कडेला झालेल्या बाया आमच्या गावोगाव भेटतात, आणि त्या हे इतक्या साधेपणानं सांगतात की ऐकणाराच गोंधळतो.

आरोग्य विमा? इथं मात्र जरा थांबलं पाहिजे. कारण या प्रश्नावर आपला जिल्हा २०१९ साली साऱ्या देशाला ठाऊक झाला. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची गर्भाशयं भराभर काढली जाताहेत, अशा बातम्या आल्या. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे दर सहा बायांमागे एक, आणि त्यांत तिशी-पस्तिशीच्या बाया कितीतरी. अंगावरून जातं, पोट दुखतं, ओटीपोट जड वाटतं म्हणून बाई खासगी दवाखान्यात जाते. तिथं कॅन्सरची भीती घातली जाते. तिच्या मनात खाड्याचा हिशोब चालू असतो. "पिशवीच काढून टाका, दर महिन्याची कटकट नको," असं ती स्वतःच म्हणते, आणि कागदोपत्री ती तिची संमती ठरते. मला ही संमती वाटत नाही. जिला पाळीच्या दिवशी बसता येत नाही, पाणी मिळत नाही, आडोसा मिळत नाही, तिच्यापुढं दुसरा रस्ता ठेवलाच कुणी? त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ते योग्यच झालं. पण शस्त्रक्रियेवर पहारा बसला, खाड्यावर बसला नाही.

त्या रात्री ट्रकवर चढायच्या आधी एका वहिनींना मी मैत्रिणीचा फोटो दाखवला. पंचविशीतल्या, दोन लेकरांच्या आई. त्यांनी समुद्राकडे फारसं पाहिलंच नाही. म्हणाल्या, "ताई, तुमच्या मैतरणीला इचारा, तिथं बाईच्या नावानं पैका मिळतो का? का तिच्या मालकाच्या हातात देतेत?"

इतके अहवाल वाचले, पण प्रश्न इतका नेमका कुणी मांडलेला मी पाहिला नव्हता. विमान, समुद्र, कॉफी हे सगळं वरवरचं आहे. मूळ फरक एवढाच की एकीचा पगार तिच्या नावावर येतो आणि दुसरीचा येत नाही.

आता त्या शहराविषयी थोडं. पुढच्या आठवड्यात मैत्रिणीनं आणखी फोटो पाठवले. रंगीत फरशांच्या तुकड्यांची बाकं, वळणदार भिंती. गौदी नावाच्या वास्तुविशारदानं बांधलेलं गुएल उद्यान. जगभरचे लोक ते पाहायला येतात. मी त्या नावाच्या मागे लागले आणि शेवटी पोचले ते साखरेपाशी.

भूमध्य समुद्रावरचं हे जुनं बंदर एकोणिसाव्या शतकात जे श्रीमंत झालं, त्यातला मोठा वाटा क्यूबाचा होता. क्यूबा तेव्हा स्पेनची वसाहत. तिथले उसाचे मळे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या जिवावर चालत. बायकाही फडात, आणि त्यांची लेकरंही मालकाचीच मालमत्ता. क्यूबातली गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८८६ मध्ये. तोवर या व्यापारात गबर झालेले कितीतरी जण बार्सिलोनाला परतले आणि त्यांनी बँका, गिरण्या, वाडे उभे केले. आंतोनियो लोपेझ हा त्यांच्यातला एक. जहाजांचा मोठा मालक, राजाकडून सरदारकी मिळालेला. गुलामांच्या व्यापाराशी त्याचं नाव जोडलेलं. ज्याच्या नावाचं ते उद्यान, तो गुएल या लोपेझचा जावई. लोपेझचा पुतळा बंदराजवळच्या चौकात कित्येक वर्षं दिमाखात उभा होता. नागरिकांनी आणि संघटनांनी लावून धरलं, आणि मार्च २०१८ मध्ये नगरपालिकेनं तो उतरवला.

ऊसतोड म्हणजे गुलामगिरी, असं मी म्हणत नाही. शब्द सैल वापरले की त्यांची धार जाते. आपल्या बाया विकलेल्या नाहीत, पुढच्या हंगामाला नाही म्हणायचा हक्क त्यांना कागदावर तरी आहे. पण साखर पांढरी दिसते म्हणून तिच्यामागचे हात दिसत नाहीत, ही गोष्ट तिथली आणि इथली एकच. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी शाळा, कॉलेजं, दवाखाने, दूधसंघ उभे केले. ते मोठंच काम आहे. त्या वैभवाच्या पायात बीडच्या बाईची कंबर आहे, हे मात्र कुठल्याही कारखान्याच्या कोनशिलेवर लिहिलेलं नाही. बार्सिलोनाला आपला हिशोब पाहायला सव्वाशे वर्षं लागली. आपण तेवढी लावायचं कारण नाही.

या गोष्टीत तिसरी एक बाई आहे, तिलाही विसरता कामा नये. मैत्रीण ज्या घरात राहत होती तिथं चादरी बदलायला, फरशी पुसायला एक बाई यायची. लॅटिन अमेरिकेतून आलेली, मुलं मायदेशी आजीजवळ ठेवलेली. मैत्रिणीनं तिच्याशी मोडक्या भाषेत गप्पा मारल्या, आणि तिच्याकडून तिला 'केली' बायांचं कळलं. स्पेनमधल्या हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या बायांनी २०१६ मध्ये आपली संघटना बांधली. 'ज्या साफ करतात त्या' अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दांवरून गमतीनं 'लास केली' हे नाव घेतलं. त्यांचं गाऱ्हाणं ऐकलं तर ओळखीचं वाटेल. काम मध्यस्थ कंपन्यांमार्फत, पैसे खोलीच्या हिशोबानं, पाठ-मनगट-खांदे कामातून जाणारे, आणि गोळ्या खाऊन दिवस ढकलायचे. त्यांनी मोर्चे काढले, सरकारशी भांडल्या, आणि हात-खांद्यांची काही दुखणी व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य करून घेतली. मध्यस्थाचं नाव तिथं कंपनी, इथं मुकादम. मोजमाप तिथं खोली, इथं टन.

त्या शहरातही सगळं आलबेल नाही. बाहेरून आलेल्या पैशानं घरभाडी इतकी वाढली की राहती माणसं हुसकली जाऊ लागली. जुलै २०२४ मध्ये लोकांनी मोर्चा काढला, पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. त्याच्या साधारण दोन आठवडे आधी महापौरांनी जाहीर केलं होतं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या दहा हजारांवर घरांचे परवाने २०२८ च्या अखेरीपर्यंत संपवणार. म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या मोकळेपणाचीही किंमत कुणीतरी मोजतंच आहे. ती हे जाणून होती. म्हणाली, "मला लाज वाटते आणि मजाही वाटते, दोन्ही एकदम." मला तिचा हा प्रामाणिकपणा आवडला.

आता आक्षेप. कार्यकर्त्यांच्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा एक बंधू म्हणाले, "शिक्षणाचा फरक आहे. पोरी शिकल्या की त्याही लॅपटॉप घेऊन जातील." शिक्षण हवंच. पण बीडमध्ये पोरीचं शिक्षण तोडतं कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत आपल्या जिल्ह्यातल्या विशीतल्या (२० ते २४ वयाच्या) बायांपैकी शंभरातल्या चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. आईबाप फडावर गेले तर वयात आलेली पोर घरी एकटी ठेवायची भीती, फडावर न्यायची त्याहून भीती. आणि लग्न लावलं की नवा कोयता तयार, उचल पूर्ण मिळते. 'जोडी' हे माप जोवर आहे तोवर ते पोरींची लग्नं लावत राहणार. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना सुरू झाली. ती वाढली पाहिजे, आणि मुलींच्या वसतिगृहात बायका कर्मचारी, पाणी, कुलूप आहे का हे आपण जाऊन पाहिलं पाहिजे.

दुसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा. त्या म्हणतात, स्थलांतरच थांबवा, गावात काम द्या. हीही मागणी रास्तच. १९७२ च्या दुष्काळातून याच राज्यात रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ती उभी करण्यात खडी फोडणाऱ्या बायांच्या मोर्चांचा वाटा होता. पण गावात काम मिळेपर्यंत जी जातेय तिचं काय? आणि उद्या गावात काम असूनही कुणाला बाहेर जावंसं वाटलं तर? जाण्याचा हक्क आणि न जाण्याचा हक्क, दोन्ही मागायला हवेत. आज कोयत्याच्या बाईला दोन्ही नाहीत.

मग करायचं काय? मैत्रिणीच्या कागदांच्या यादीनंच मला वाट दाखवली. स्पेनचं सरकार म्हणतं, करार दाखवा, उत्पन्न दाखवा, विमा दाखवा, मगच परवाना. आपल्याकडेही परवाना आहे, पण तो बाईला लागत नाही, कारखान्याला लागतो. दर हंगामाला साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घेतल्याशिवाय कारखान्याचं धुराडं पेटत नाही. शेतकऱ्यांची एफआरपी थकली तर हा परवाना अडवला जातो. शेतकऱ्यांनी भांडून मिळवलेलं हे हत्यार आहे. मग बाईची मजुरी थकली, तळावर संडास नसला, पाणी नसलं, तर परवाना का अडू नये?

म्हणून माझं म्हणणं असं. गाळप परवान्यालाच अटी घाला. एक, तोडणीला आलेल्या प्रत्येक बाईची तिच्या स्वतःच्या नावानं नोंद आणि ओळखपत्र, जोडीच्या नावानं नव्हे. दोन, तिच्या टनाचा हिशोब वेगळा आणि पैसे तिच्या खात्यात. तीन, खाड्याचा दंड बेकायदा, आणि पाळी, गरोदरपण, बाळंतपणात भरपगारी सुट्टी. चार, तळावर पाणी, संडास, न्हाणी, उजेड आणि पाळणाघर. पाच, आठवड्याला आरोग्यसेविकेची फेरी आणि गावचं राशन तळाजवळच्या दुकानात.

यात अशक्य काही नाही. माथाडी कामगारांसाठी याच राज्यानं १९६९ मध्ये कायदा केला, मंडळं स्थापली, मजुरी मंडळामार्फत दिली. ओझं तेही वाहतात, ओझं याही वाहतात. १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी कायदा झाला, त्यात प्रवासभत्ता होता, निवारा होता, बाईला समान मजुरी होती. २०२० च्या श्रमसंहितेनं तो पोटात घेतला. पण तोही राज्याची सीमा ओलांडणाऱ्यासाठीच होता. बीडची बाई बेळगावला गेली तर त्याच्या छायेत, सांगलीला गेली तर उन्हात. टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घ्यायचे ठरवून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळही उभं राहिलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. वाढ झाली ती चांगलंच झालं. पण ती झाली कोयत्याला. त्यातली बाईची वाढ किती, हा प्रश्न वाटाघाटीच्या टेबलावर आलाच नाही, कारण त्या टेबलाशी तोडणीवाली बाई नव्हती.

मैत्रिणींनो, हंगामाआधीचे चार महिने आपल्या हातात असतात. पावसाळ्यात बाया गावात असतात तेव्हाच नोंदीची कामं करायला हवीत. ग्रामसेवकाकडे बाईच्या नावानं ओळखपत्राचा अर्ज, तिच्या एकटीच्या नावाचं बँक खातं, उचल घेताना तिचीही सही. एवढं तरी प्रत्येक गटानं आपापल्या पाच गावांत करावं. आणि सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडच्या गटांना विनंती, आमच्या बाया तुमच्या शिवारात येतात तेव्हा एकदा तरी तळावर जा. संध्याकाळी जा, त्या दिवसा भेटत नाहीत.

मैत्रीण आता परत आली आहे. येताना तिनं त्या वहिनींसाठी एक पत्र आणलं, पाणी भरलेल्या डोळ्यांचं वगैरे नव्हे, साधं दोन ओळींचं. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं: पैसे माझ्याच नावानं येतात, आणि ते कुणाला द्यायचे ते मी ठरवते. वहिनी परतल्या की मी ते त्यांना वाचून दाखवणार आहे. त्या काय म्हणतील ते मला साधारण माहीत आहे. म्हणतील, "मग आमचं कवा?"